लढाऊ अभियंते (सॅपर)

आपल्या सैन्याची वाट मोकळी करणे आणि शत्रूची वाट अडवणे, हे लढाऊ अभियंत्यांचे मुख्य काम. सुरुंग पेरणे व काढणे, पूल बांधणे व उडवणे, रस्ते तयार करणे ही कामे त्यात येतात. त्यांना केवळ साहाय्यक मानले जाते. पण चढाईचा वेग अनेकदा तेच ठरवतात. एप्रिल १९४८ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, जम्मूतील नौशेराहून राजौरीकडे निघालेले भारतीय रणगाडे सुरुंग व रस्त्यातील अडथळ्यांपाशी थांबले. खडकी येथे केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी जखमी अवस्थेत, शत्रूच्या माऱ्याखाली हे अडथळे हटवले आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात बसंतर नदीपाशी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे रणगाडे सुरुंगक्षेत्र पूर्ण साफ होण्याआधीच पुढे घुसले, तेव्हा अभियंत्यांवाचून अडत नाही, असा आक्षेप घेता येईल. मात्र तोवर सुमारे अर्धी वाट अभियंत्यांनीच साफ केली होती. उरलेल्या अंतरापुरताच तो धोका पत्करता आला. भूभाग जिंकणारे पायदळ आणि रणगाडेच. परंतु त्यांची ताकद योग्य जागी, योग्य वेळी पोहोचवणारे अभियंते विजयाचे बरोबरीचे मानकरी ठरतात.