मीठ, कापड आणि साखर

दिवाळीचा बाजार करून आपण घरी येतो. साखर, मुलांचे नवे कपडे यांच्या किमतीत सरकारचाही वाटा असतो, हे सणाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येणार? पण ज्याच्या ध्यानातून ते कधीच गेले नाही, असा एक शाळामास्तर आपल्याकडे होऊन गेला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत असता त्यांनी मुलांसाठी अंकगणित लिहिले, आणि पुढे कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात राज्यकर्त्यांनाही तेच शिकविले.

1902 च्या मार्चमधील त्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण पाहा. तिजोरीत शिल्लक पडत होती, आणि सरकार ती भरभराटीची खूण समजत होते. गोखल्यांनी तो हिशेब उलटा तपासला. रयत दुष्काळाने खंगलेली आणि तिजोरी मात्र भरलेली. याचा अर्थ कर गरजेपेक्षा जड आहेत! मिठावर मणी अडीच रुपये कर होता. देशी गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी जकात होती, ती लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची मर्जी राखण्यासाठी. ही जकात जाडेभरडे नेसणाऱ्या गरिबाला भोवते, म्हणून ती उठवा, असे गोखल्यांचे म्हणणे होते. मिठाचा कर 1903 साली दोन, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपयावर आला. कापडावरची जकात मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1926 साली रद्द झाली.

इथवर सारे सोपे होते. समोर परके सरकार होते. खरी कसोटी 1911 च्या मार्चमध्ये लागली. जावा-मॉरिशसच्या स्वस्त साखरेने देशी धंदा बसत चालला होता. आयात जकात वाढवा, असा ठराव कौन्सिलात आला. स्वदेशीचे दिवस ते! गोखल्यांनी त्याला होकार भरावा, हीच कुणाचीही अपेक्षा. पण ते म्हणाले, संरक्षण दोन तऱ्हेचे असते. एक योग्य, ज्याने उगवता धंदा जगतो आणि सामान्य माणूस भरडला जात नाही. दुसरे अयोग्य, ज्याने वजनदार धनिकांची टोळी जनतेच्या खिशावर गबर होते. राज्यसूत्रे आपल्या हाती नसता दुसरेच पदरी पडण्याचे भय अधिक, आणि महाग साखर घेणार कोण, तर गरीबच.

गोखले चुकले काय? 1932 साली साखरेला संरक्षण मिळाले, आणि तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेवर गेले. ही जमेची बाजू नाकारता येणार नाही. उसाने पुढे आपल्या जिल्ह्यांचे रूपच पालटले. पण जी घरे महाग साखर घेत राहिली, त्यांचे नाव कुठल्याही कारखान्याच्या कोनशिलेवर नाही. गोखल्यांनी 1911 सालीच ते खर्चाच्या बाजूला मांडून ठेवले होते.