चांगला हंगाम कोणाचा?

"मामू, मॉरिशसला जायला चांगला काळ कोणता?" लग्न ठरलेल्या माझ्या भाच्यानं परवा विचारलं. आम्ही बीड जिल्ह्यातली माणसं पावसाबद्दल विचारतो ते 'कधी येईल' एवढंच. 'कधी नसेल' असं विचारणारा आमच्या घरात हा पहिलाच.

मी त्याला म्हटलं, "बाबा, आधी आपलं कॅलेंडर उलटं धर." मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे. तिथं नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि मुख्य पाऊसही तेव्हाच. जून ते सप्टेंबर हिवाळा. पण तोही सरासरी वीस अंशांच्या आसपासचा, अंगावर चादर घेण्यापुरता. बेट एवढंसं, की आपल्या जिल्ह्यात तशी पाच मावतील. तरी पाऊस सगळीकडे सारखा नाही. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर चढतात आणि तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. पलीकडे पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम नऊशे. सह्याद्रीच्या पलीकडे राहणाऱ्या आपल्याला हा न्याय कुणी समजावून सांगायला नको.

खरी भीती चक्रीवादळाची. जानेवारी ते मार्च हा त्याचा मुख्य काळ. मात्र ते तारीख पाळतंच असं नाही. १८९२ साली हंगाम सरत आला असताना, २९ एप्रिलला वादळ आलं आणि सुमारे बाराशे माणसं दगावली. फेब्रुवारी १९६० मधल्या 'कॅरोल' वादळानं लाकडाची आणि गवताची घरं भुईसपाट केली. आज तिथं सिमेंटच्या सपाट छपरांची घरं जागोजागी दिसतात, त्यामागे तो धडा आहे. तेव्हा पर्यटकानं मे ते नोव्हेंबर गाठावा. सप्टेंबर-ऑक्टोबर तर फारच छान.

इथवर भाच्याचं उत्तर झालं. पण मी इतिहासात बी.ए. केलेला माणूस, तिथंच थांबतो कसला!

हा जो 'चांगला काळ' आहे, जून ते डिसेंबर, तोच तिथला ऊसतोडीचा काळ. थंड, कोरड्या हवेत उसाची वाढ मंदावते आणि साखर भरते. म्हणून आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, आणि तिथं जूनमध्ये. ऊस एकच, नियम एकच, फक्त महिने उलटे.

मॉरिशसमध्ये ऊस नेला डचांनी, १६३९ मध्ये. मळे वाढले ते फ्रेंच आणि इंग्रज अमलात, गुलामांच्या घामावर. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण ऊस कुणीतरी तोडायलाच हवा होता. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचलं होतं. तारीख बघा : उन्हाळा नुकताच लागलेला, पुढे वादळांचे महिने. त्यांना कुणी 'कधी यायचं' असं विचारलं नव्हतं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी गेली. मुंबई बंदरातून कोकणची, साताऱ्याकडची मराठी माणसंही गेली.

त्या मळ्यांवर एक नियम होता : एक दिवस कामावर आला नाहीस, तर दोन दिवसांची मजुरी कापू. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. कारण 'खाडा' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या फडावर कोपी घालायची, आणि आजारपणानं एक दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे भरायचे. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गातले कितीतरी बाक रिकामे राहायचे. माझ्या शेजारी बसणारा दोस्त असाच एका वर्षी गेला आणि उन्हाळ्यात परतला तो हातात कोयता घेऊनच. पुन्हा वर्गात आला नाही.

मॉरिशसच्या मजुरांची नातवंडं-पतवंडं मात्र शिकली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आज तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ईदलाही असते. घरात क्रिओल बोलणारी मराठी कुटुंबांतली मुलं शाळेत मराठी शिकतात. तोडणाऱ्याच्या घरातून कोयता सुटू शकतो, हे त्या बेटानं दाखवून दिलं. आपल्याकडे तो अजून पुष्कळ घरांतून सुटायचा आहे.

शेवटी भाच्याला म्हटलं, "सप्टेंबरात जा. समुद्र बघ, पोटभर बघ. पण एक सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेव. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. बोटीतून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून गेली, त्या तिथं आहेत. सुनेला घेऊन त्या पायऱ्यांवर घडीभर बस. आणि वाटेत उसाचा फड दिसला, तर नुसता फोटो काढू नकोस. तोडणाऱ्याला सलाम कर, आणि सांग, मी बीडचा आहे."