घरें बांधणारीं घराणीं

ता. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास आमच्या हिंगोली जिल्ह्यांत धरणीकंप झाला. पहिल्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती, पाठोपाठ ३.६ तीव्रतेचा दुसरा बसला. फडताळांतलीं भांडीं वाजलीं आणि आम्ही सारे अंगणांत धांवलों. घर उभें राहिलें; पण मला माझी एक जुनी चूक आठवली. ती सांगण्यापूर्वीं आमच्याकडचें घर कसें असतें, तें सांगितलें पाहिजे.

मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हें छप्पर उन्हाळ्यांत घर गार ठेवतें आणि वैशाखांतील वावटळीला दाद देत नाहीं. घर केवढें, हें आम्ही खणांवरून, म्हणजे दोन खांबांमधील अंतरावरून सांगत असूं. यावरूनच ध्यानांत येईल कीं, अशा घराचा खरा आधार खांब. दगडमातीची भिंत हा मुख्यतः आडोसा. सुतार, गवंडी, बेलदार यांच्या घराण्यांतून हें काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. त्यांना पाटी नव्हती कीं कचेरी नव्हती. बापानें बांधलेलें घर हीच मुलाची पत.

पुढें लांकूड महाग झालें. कित्येक गांवीं खांब गाळून तुळया थेट भिंतींवर टेकविण्यांत आल्या. भिंत बाहेरून भक्कम दिसे; पण तिचे दोन पदर एकमेकांस बांधणारा आरपार दगड पुष्कळदां आंत नसे. गळती थांबविण्यासाठीं माळवदावर मातीचे थर मात्र चढत राहिले. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशीला गणपति बोळवून गांवें निजलीं होतीं. सरकारी गणनेप्रमाणें सुमारें ८,००० माणसें दगावलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांस मात्र एक गोष्ट आढळून आली. जेथें छप्पर लांकडी खांबांनीं तोललें होतें, तेथें भिंती ढांसळूनहि सांगाडा पुष्कळ ठिकाणीं उभा राहिला होता.

मग जड माळवद टाकून पत्रे घातले म्हणजे झालें काय? तसेंहि नाहीं. वादळी वारा छपरावरून वेगानें वाहूं लागला म्हणजे वरचा दाब कमी होतो आणि आंतील हवा पत्रा वर उचलते. वर ठेवलेले धोंडे मग घरच्यांच्याच अंगावर येतात. वादळाला वजन हवें, भूकंपाला तें नको. दोहोंना पुरून उरणारी वस्तु एकच, ती म्हणजे सांधा. छप्पर तुळईशीं, तुळई खांबाशीं आणि खांब पायाशीं जखडलेला असला पाहिजे. आमच्या औंढा नागनाथाचें यादवकालीन देऊळ पहा; तेथील जुन्या भागाचे घडीव चिरे चुन्यावांचून एकमेकांत बसविलेले आहेत.

नव्या काळालाहि हाच न्याय लागू आहे. वाईजवळच्या पसरणी गांवीं १९१८ सालीं जन्मलेले बी. जी. शिर्के यांनीं १९४४ सालीं बांधकामाचा धंदा मांडला. सिपोरेक्स हा स्वीडनमधील हलका ठोकळा त्यांनीं इकडे आणला. त्याच्या मिश्रणांत अॅल्युमिनियमची पूड घालतात, तेव्हां तें आंबवलेल्या पिठासारखें फुगतें; वाफेच्या दाबाखालीं पक्का केलेला ठोकळा पाण्याहूनहि हलका असतो. घराचे भाग कारखान्यांत घडवून जागेवर जोडण्याची रीत त्यांच्या कंपनीनें रूढ केली. २००३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. कंपनी पुढें त्यांच्या घराण्यानेंच चालविली. परंतु घडीव भाग कितीहि चांगले असले, तरी सांधा कच्चा असून चालत नाहीं. ता. १६ मे १९६८ रोजीं लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतींत एका स्वयंपाकघरांत गॅसचा स्फोट झाला, आणि जोड दुबळे असल्यामुळें इमारतीचा एक सबंध कोपरा कोसळला. चार माणसें प्राणांस मुकलीं.

आतां माझी चूक सांगतों. १९८५ सालीं बहिणीच्या लग्नासाठीं माजघर मोकळें करावें, म्हणून मधला खांब काढावयास मीं सुताराला बोलाविलें. तो म्हणाला, “गुरुजी, हा खांब माझ्या बापानें उभा केला आहे. दुसरें काय तें सांगा. हें माझ्या हातून होणार नाहीं.” मला तो हट्ट वाटला. मीं त्यास चार शब्द सुनावले आणि पुढें कधीं काम दिलें नाहीं. खर्च वाढल्यानें तो बेत तसाच राहिला, आणि खांबहि राहिला.

धरणीकंपाच्या दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. तो आतां थकला आहे. धंदा मुलगा पाहतो. मीं हात जोडले, तेव्हां त्यानें एवढेंच विचारलें, “खांबाच्या बुडाला वाळवी तर लागली नाहीं ना, गुरुजी?”

घर बांधणाऱ्या घराण्याचा कर्ता पुरुष असा असावा. भिंतीच्या पोटांत काय आहे, हें गिऱ्हाइकाला दिसत नाहीं. तें फक्त त्यालाच ठाऊक असतें. तेथें काटकसर करावयास तो नकार देईल, तर त्याचा राग मानूं नका.