मुलाखतीतील चुकीविषयीचा प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या पूर्वीच्या कामातील एखादी चूक सांगावयास लावणारा प्रश्न म्हणजे चुकीविषयीचा प्रश्न होय. ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक आणि त्यानंतर तुम्ही काय केले, ते सांगा’ हे त्याचे सर्वपरिचित रूप आहे. चूक किती मोठी होती, यापेक्षा उमेदवार तिची जबाबदारी कशी आणि कितपत स्वीकारतो, हे जाणून घेणे हा या प्रश्नाचा मुख्य हेतू असतो. वर्तनाधारित मुलाखतपद्धतीत तो विशेषत्वाने आढळतो.

उगम

‘तुम्ही अमुक परिस्थितीत काय कराल?’ असे न विचारता ‘तुम्ही काय केलेत?’ असे विचारणे, हे वर्तनाधारित मुलाखतीचे मूळ सूत्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करताना यश व अपयशाचे प्रत्यक्ष प्रसंग गोळा करण्याची पद्धत विकसित केली आणि १९५४ साली ‘निर्णायक प्रसंग तंत्र’ या नावाने ती मांडली. टॉम जान्झ यांनी १९८२ साली गतवर्तनाचे वर्णन मागणाऱ्या मुलाखतीची तुलना ठरावीक आराखडा नसलेल्या मुलाखतीशी केली. गतकाळातील वर्तन हे भावी वर्तनाचे चांगले निदर्शक असते, असे या पद्धतीचे गृहीतक आहे.

उत्तराची मांडणी परिस्थिती, कार्य, कृती आणि परिणाम या क्रमाने करावी, असे ‘स्टार’ पद्धत सांगते. चुकीच्या प्रश्नाला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिचा ओढा सुखान्त परिणामाकडे असल्याने उमेदवार चूक एका वाक्यात उरकतो आणि उरलेला वेळ स्वतःच्या कर्तबगारीला देतो.

क्षमतेची चूक आणि सचोटीची चूक

या विषयावरील एक महत्त्वाचा प्रयोग मुलाखतीच्याच प्रसंगावर बेतलेला आहे. पीटर किम, डोनाल्ड फेरिन, सेसिली कूपर व कर्ट डर्क्स यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींना कर-लेखापालाच्या पदासाठीची मुलाखत चित्रफितीवर दाखवण्यात आली. उमेदवारावर पूर्वीच्या नोकरीत चुकीचे करविवरण भरल्याचा आरोप होता. काहींना ही चूक नियमांच्या अपुऱ्या ज्ञानामुळे घडल्याचे, तर काहींना ती जाणूनबुजून केल्याचे सूचित करण्यात आले. अज्ञानातून घडलेल्या चुकीबाबत माफी मागणाऱ्या उमेदवारावर अधिक विश्वास ठेवला गेला. हेतुपुरस्सर चुकीच्या आरोपाबाबत मात्र माफीपेक्षा नकार अधिक परिणामकारक ठरला. एकदा अप्रामाणिकपणा कबूल केला, की तो माणसाचा स्वभावच मानला जातो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हा निष्कर्ष खोटे बोलण्याचा परवाना नव्हे. दोष पुढे पुराव्याने सिद्ध झाल्यास आधी नकार देणाऱ्यापेक्षा माफी मागणाऱ्यावरच अधिक विश्वास उरतो, असेही त्याच अभ्यासात दिसून आले. याच संशोधकांनी २००६ साली पुढचा प्रश्न हाती घेतला: दोष पूर्णपणे स्वतःकडे घ्यावा, की त्याचा काही भाग परिस्थितीवर टाकावा? क्षमतेच्या चुकीत संपूर्ण दोष स्वतःकडे घेणे हितावह ठरले. मुलाखतीत सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक चुका याच प्रकारच्या असतात. त्यामुळे सारवासारव करून प्रतिमा वाचते, हा समज टिकत नाही.

जबाबदारी म्हणजे काय

एक कल्पित उदाहरण घेता येईल. लेखाविभागातील सहायकाने जीएसटीच्या विवरणपत्रात बीजक नोंदवताना खरेदीदाराचा नोंदणी क्रमांक चुकीचा लिहिला. खरेदीदाराला त्या रकमेचे कर-क्रेडिट दिसेना आणि त्याने देयक रोखून धरले. ‘त्या महिन्यात कामाचा फार ताण होता’ हे उत्तर खरे असले, तरी त्यात चूक करणारा माणूसच दिसत नाही. ‘क्रमांक मी पोर्टलवर पडताळून पाहिला नाही. खरेदीदाराचा दूरध्वनी आला त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितले, पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती केली. देयक मात्र महिनाभर अडकले’ या उत्तरात केलेली (किंवा न केलेली) कृती, ती कोणी उघड केली, आणि नुकसान कोणाला सोसावे लागले, हे सारे आहे. शेवटचे वाक्य उमेदवार सहसा गाळतात. मुलाखतकार नेमके त्याच्याविषयी विचारतो.

‘मी फारच काटेकोर आहे’ हा दोष म्हणून सांगणे, ही याच्या उलट टोकाची पळवाट. ओव्हुल सेझर व सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासानुसार अशी विनयाच्या वेषातील बढाई सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते, कारण ती अप्रामाणिक वाटते.

मराठीतील कबुली

मराठीत ‘चूक झाली’ या वाक्यात कर्ता नसतो. ‘मी चूक केली’ हे रोजच्या बोलण्यात काहीसे कठोर, क्वचित हेतुपुरस्सर वाटते. स्वाभाविक कबुली ‘माझ्याकडून चूक झाली’ अशी असते. मराठीभाषक उमेदवार इंग्रजीत उत्तर देताना याच वळणाने ‘मिस्टेक हॅपन्ड’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते अंग काढून घेणे वाटू शकते. ‘आमच्याकडून’ हे अनेकवचनही असेच. शिष्टाचार म्हणून ते योग्य असले, तरी उमेदवाराचा स्वतःचा वाटा त्यात बुडतो. ‘माझ्याकडून’ ठेवून पुढे ‘मी तपासले नाही’, ‘मी वेळेवर कळवले नाही’ असे नेमके क्रियापद आले, की संदिग्धता उरत नाही.

मर्यादा

या प्रश्नावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की त्यातून जबाबदारीपेक्षा कथनकौशल्य मोजले जाते. शिकवणीवर्गात घोटलेले उत्तर प्रामाणिक पण अडखळत्या उत्तरावर मात करू शकते. ‘तेव्हा आणखी कोणाला ते माहीत होते?’ यांसारख्या उपप्रश्नांनी ही त्रुटी काहीशी भरून निघते. कामाचा अनुभव नसलेल्या नवपदवीधरांना महाविद्यालयीन प्रकल्प, स्नेहसंमेलन किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांतील प्रसंग सांगावा लागतो, आणि तो किरकोळ मानला जाण्याची शक्यता असते.

दोन्ही पक्षांचे बळही समान नसते. मुलाखतकाराला स्वतःच्या चुका सांगाव्या लागत नाहीत. चुकीपायीच आधीची नोकरी गमावलेल्या उमेदवारासाठी मात्र हा प्रश्न उपजीविकेचा असतो. शिवाय पूर्वीच्या मालकाची गोपनीय माहिती किंवा ग्राहकांची नावे उत्तरात उघड झाली, तर चूक सांगता सांगता नवीच चूक घडते.