ट्रंक कॉलची चिठ्ठी आणि दहा हजार कनेक्शनं

असिंक्रोनस सर्व्हरचा इतिहास बहुतेक जण कॅलिफोर्नियापासून सुरू करतात. मी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून करतो.

एसटीडी यायच्या आधी आष्टीसारख्या गावातून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल 'बुक' करावा लागे. नंबर सांगायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं, आणि फोन चक्क खाली ठेवायचा. ऑपरेटर तिकिटावर लिहून घेई आणि लाइन मिळाली की उलट फोन करी. आपण ज्याला कॉलबॅक म्हणतो तो शब्दशः हाच! ऑपरेटर एक, लाइनी अनेक. तो प्रत्येक रिसीव्हर कानाला लावून बसत नसे, बोर्डावर दिवा लागला की तिकडे वळायचा.

युनिक्सचे जुने सर्व्हर याच्या उलट होते. प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे एक कारकून. १९८३ च्या ४.२ बीएसडीत सिलेक्ट आलं आणि एकाच प्रोसेसला अनेक लाइनींवर नजर ठेवता आली. पण सिलेक्ट दर वेळी सगळी यादी तपासतं. १९९९ मध्ये डॅन केगेलने विचारलं की एका मशीनवर दहा हजार कनेक्शनं का नकोत? फ्रीबीएसडीत २००० साली केक्यू आणि लिनक्समध्ये २००२ साली ईपोल आलं. फक्त ज्याचा दिवा लागलाय तेवढंच सांगणारं. २००४ मध्ये एन्जिनएक्स लोकांच्या हातात आलं. इथवरची गोष्ट सगळेच सांगतात.

माझ्या मते खरी भानगड एररची आहे. दर गिऱ्हाइकामागे कारकून असताना चूक झाली तर ज्याने काम सांगितलं त्याच्याकडेच ती परत जायची, फार तर तो एक कारकून मरायचा. इव्हेंट लूपमध्ये काम सांगणारा केव्हाच फोन ठेवून गेलेला असतो. एरर येते तेव्हा ती कुणाला द्यायची? आणि एक न पकडलेली एक्सेप्शन अख्खी प्रोसेस पाडू शकते, म्हणजे दहा हजार जण एकदम बाहेर.

ट्रंक ऑपरेटरकडे याचं उत्तर होतं, ते म्हणजे तिकीट. कुणी मागितला, कुठे, केव्हा. पायथॉनच्या ट्विस्टेडमधलं डिफर्ड म्हणजे असंच तिकीट: यश आलं तर कॉलबॅक, नाहीतर एररबॅक. २००९ च्या नोडमध्ये कॉलबॅकचा पहिला आर्ग्युमेंटच एरर, पण तो न बघता पुढे जाणं फारच सोपं (आणि लोक जातात!). पुढे असिंक-अवेट आलं, सी शार्पमध्ये २०१२ साली आणि पायथॉनमध्ये २०१५ साली, तेव्हा साधं ट्राय-कॅच परत मिळालं.

बरं, सगळ्या एरर सारख्या नसतात. 'ईअगेन' ही एरर नाहीच, "आत्ता नाही, थोड्या वेळाने ये" एवढंच. 'ईएमफाइल' मात्र बेरकी. फाइल डिस्क्रिप्टर संपले की अॅक्सेप्ट फेल होतं, पण कनेक्शन दाराशी उभंच राहतं. लूप पुन्हापुन्हा तेच विचारत बसतो आणि सीपीयू शंभर टक्के! जुना उपाय असा: एक डिस्क्रिप्टर राखून ठेवायचा. वेळ आली की तो सोडायचा, पाहुण्याला आत घेऊन लगेच निरोप द्यायचा, आणि तो पुन्हा राखून ठेवायचा. जुगाड आहे, पण चालतो.

सगळ्यात वाईट एरर मात्र न येणारी. आष्टीत वीज गेली, राउटर बंद पडला. टीसीपीचा निरोपाचा पॅकेट निघालाच नाही. पुण्यातल्या सर्व्हरला काही पाठवायचं नसेल तर त्याच्या लेखी कनेक्शन जिवंतच. ट्रंक ऑपरेटर तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन विचारायचा. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुद्दाम चालू करावा लागतो आणि डिफॉल्टला पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी करतो. म्हणजे दोन तास! म्हणून तर वेबसॉकेटच्या २०११ च्या प्रमाणात पिंग आणि पाँग वेगळे घातले. दर तीस सेकंदांनी विचारायचं, उत्तर नाही आलं तर तिकीट फाडायचं.