भुकेचा निरोप

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरी, वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्याने दुष्काळ जितका पाहिला, तितका क्वचितच कुणी पाहिला असेल. आपल्या साहित्यानेही तो पाहिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने अख्खे गाव उठते. अण्णाभाऊ साठ्यांचा फकिरा भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. पण भुकेचा इतिहास आपण नेहमी बाहेरून लिहिला. पाऊस किती पडला, ज्वारीचा भाव काय झाला, कामावर माणसे किती होती. उपाशी माणसाच्या शरीरात काय घडत होते, ते गेल्या तीसेक वर्षांतच उलगडू लागले आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ घ्या. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते आणि आसपास मिरज, सांगली, औंध, जत ही संस्थाने होती. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर १ आणा. बाईला आणि मुलांना त्याहून कमी. एवढ्या धान्यातून साधारण १,६०० कॅलरी मिळतात. खडी फोडणाऱ्या माणसाला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून याचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर माणूस खंगत जाईल असे बजावले. सरकारच्या लेखी मात्र माणूस जिवंत दिसला की हिशेब जुळला.

शरीराचा हिशेब वेगळा असतो. तो कसा ठेवला जातो, याचा पहिला धागा अमेरिकेत सापडला. १९४९ साली बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर अतोनात खात आणि फुगत असलेले दिसले. त्याच प्रयोगशाळेतल्या डग्लस कोलमन यांनी पुढे अशा उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. म्हणजे निरोगी उंदराच्या रक्तात ‘आता पुरे’ असा काही निरोप होता. तो निरोप नेमका कोणता, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ.

लेप्टिन तयार होते ते मुख्यतः चरबीत. चरबी म्हणजे नुसता साठा, ही आपली समजूत त्यामुळे बदलली. घरातली कणगी किती भरली आहे, याची खबर चरबी रक्तावाटे मेंदूला देत असते. कणगी भरलेली असेल तर मेंदू भूक आवरतो. ही खबरच तुटली तर काय होते, ते १९९७ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉक्टरांनी दाखवले. पाकिस्तानी मूळ असलेल्या कुटुंबांतील, नात्यातल्या दोन मुलांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हते. त्यांची भूक भागतच नसे. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर ती भूक शमली आणि वजन उतरू लागले. त्यांच्या खाण्याला हावरेपणा म्हणणे किती अन्यायाचे होते! मात्र बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असते, मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणून लेप्टिन हे लठ्ठपणाचे सरसकट औषध झाले नाही.

आपल्या दुष्काळी मुलखासाठी मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची. १९९६ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उपाशी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की लेप्टिनचे खरे काम उपासमारीत दिसते. खाणे तुटले की चरबी संपण्याच्या आधीच लेप्टिन झपाट्याने घसरते. मेंदू समजतो, दिवस वाईट आले. तो शरीराचा खर्च कमी करतो. थायरॉइडचे काम मंदावते, अंगातली ऊब उतरते, बाईची पाळी थांबू शकते, रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. रोजाची भूक असो की एकादशीची, तिची सुटण्याची वेळ ठरलेली असते. दुष्काळाच्या भुकेला ती नसते.

हे कळल्यावर जुन्या नोंदी वेगळ्या वाचता येतात. दुष्काळात माणसे नुसत्या उपासाने थोडी आणि पटकी, तापासारख्या रोगांनी अधिक का मेली? दुष्काळानंतर पाळणे का हलले नाहीत? कारणे अनेक होती, घाण पाणी आणि स्थलांतरही होते. पण उपाशी शरीरानेही आपली दारे-खिडक्या मिटून घेतली होती. आणि दुष्काळी कामावरचा जो मजूर आळशी म्हणून हिणवला गेला, त्याचे शरीर जगण्यासाठीच संथ झाले होते.

१९७२ च्या दुष्काळात चित्र बदलले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, खडी. खायला मिलो आणि सुकडी. त्या सुकडीची चव सांगणारे आजही भेटतात. सांगली जिल्ह्यातल्याच वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ‘जगण्यापुरते’ देणे आणि ‘हक्काने’ देणे यांतले अंतर कापायला शंभर वर्षे लागली.

पण भूक गेली तरी तिची खूण राहते का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी किरकोळ, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बरीचशी राखलेली. नाळेच्या रक्ताच्या दुसऱ्या एका अभ्यासात, त्यांच्या वजनाच्या मानाने लेप्टिनही जास्त आढळले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाची ही खूण असावी आणि पुढच्या मधुमेहाचे बीजही इथेच असावे, असे मत मांडले जाते.

आज कृष्णाकाठ उसाने हिरवा आहे. त्याच उसात मराठवाड्यातून आलेली, पोटात मूल असलेली बाई पहाटेपासून मोळ्या वाहते. आपल्या घरीही सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेले खाणारी बाईच असते. तिच्या ताटात काय पडले, याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. ती तिच्या रक्तात होते आणि नाळेवाटे पुढच्या पिढीकडे जाते. दुष्काळ निवारायचा असेल, तर पहिले ताट तिला वाढले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)