खोलीची सनद आणि शेजारची भिंत

विठ्ठलवाडी स्थानकालगतच्या उल्हासनगरच्या वस्तीत शेजारशेजारची दोन घरे घेऊन त्यांचे एक घर करायचे म्हटले, तर पैशांआधी कागद आडवे येतात. नकाशा मंजूर व्हायचा तर दोन्ही मिळकतींचे एकत्रीकरण हवे. एकत्रीकरणासाठी दोन्हींची मालकी निर्विवाद हवी, मोजणीत हद्दी जुळायला हव्यात आणि जोडून झालेल्या भूखंडावर बांधकामाभोवती सामासिक अंतर सुटायला हवे. यातली एकही अट गैरवाजवी नाही. तरी या गावात त्या सगळ्या एकाच वेळी पुऱ्या होणे दुर्मीळ, आणि त्याचा ठपका कधी महापालिकेच्या कारभारावर, कधी रहिवाशांच्या वृत्तीवर ठेवला जातो. माझ्या मते या अडचणीचे मूळ दोन्हींच्या मागे आहे. १९५० च्या दशकात सरकारने इथे मालकी ज्या मापाने वाटली, त्या मापातच ही अडचण जन्माला आली.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. तिच्यात दोन हजारांवर बराकी होत्या. लांबच लांब, एका आढ्याखालच्या, सैनिकांनी काही आठवडे मुक्काम करून पुढे जावे एवढ्यासाठीच बांधलेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत ठेवले गेले आणि पाच कॅम्पांत मिळून लाखाच्या आसपास माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. नाव शहराचे मिळाले, पण आखणी छावणीचीच राहिली. बराकींमध्ये आडभिंती घालून खोल्या पाडल्या आणि एकेक कुटुंब एकेका खोलीत बसले. तातडीचा निवारा म्हणून हे योग्यच होते. त्या घडीला कोणी भूखंडांची आखणी करत बसले असते, तर ते निर्दयपणाचे ठरले असते.

प्रश्न त्यानंतरच्या पावलाचा आहे. विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायदा १९५४ साली आला, त्याचे नियम १९५५ साली. सरकारी निवाऱ्यात जो राहतो आहे त्यालाच तो द्यावा, आणि सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा मंजूर असेल तर किमतीतून तो वळता करावा, असे त्याचे सूत्र होते. म्हणजे ताबा ज्या तुकड्यावर, मालकीही त्याच तुकड्याची. त्यामुळे इथल्या मालकीच्या दस्तात, म्हणजे सनदेत, गट नंबराऐवजी बराक नंबर, खोली नंबर, यू नंबर, शीट नंबर असे आकडे दिसतात. अशा दोन सनदा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन खोल्यांमधली भिंत एकच, वरचे छप्पर एकच, आणि समोरचे अंगण अनेकदा कोणाच्याच सनदेत नाही. त्या अंगणात पुढे स्वयंपाकघर आले, मग दुकान आले, मग वर माळा चढला. आज दोन्ही खोल्या एकाच माणसाने घेतल्या तरी सनदेतला भाग आणि ताब्यातला भाग यांचा मेळ बसत नाही. त्यात पहिल्या मालकाच्या वारसांच्या नोंदी राहिल्या असतील तर गुंता आणखी वाढतो. १९५४ चा कायदा २००५ साली रद्द झाला, पण त्याने पाडलेले तुकडे जागच्या जागी आहेत.

याच काळात मुंबई राज्याच्या हाती १९४७ चा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा होता. शेतजमिनीचे बारीक तुकडे नुकसानकारक असतात आणि ते जोडण्याची यंत्रणा राज्यानेच उभारायला हवी, हे सरकारला तेव्हाच पटलेले होते. शेतीसाठी जी जाण दाखवली, ती निर्वासितांच्या घरांच्या वाट्याला आली नाही, याची मला खंत वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. उल्हासनगरात लोकांनी मोकळ्या जागा गिळल्या, बिल्डरांनी परवानगीविना मजले चढवले, त्याचे खापर १९५४ वर कसे फोडता? आक्षेपात तथ्य आहे. नव्वदच्या दशकात उलवा नावाची निकृष्ट रेती वापरून उठवलेल्या इमारतींचे समर्थन कुठलाही इतिहास करू शकत नाही. २०२१ च्या मे महिन्यात स्लॅब कोसळून माणसे गेली, ती हकनाक गेली. पण बेकायदा बांधकाम इतके सार्वत्रिक होते, तेव्हा कायदेशीर वाट कितपत खुली होती हेही विचारावे लागते. मुंबई उच्च न्यायालयासमोर ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न आला, तेव्हा विधिमंडळाने २००६ साली खास उल्हासनगरापुरता नियमितीकरणाचा कायदा केला. त्याने शुल्क घेऊन बांधकाम नियमित करण्याची सोय झाली. मात्र बांधकाम नियमित होणे वेगळे आणि खालच्या जमिनीचे हक्क एक होणे वेगळे. चार खोल्यांच्या जागेवर उभी इमारत नियमित झाली तरी खाली चार सनदा उरतात, आणि पुनर्विकासाच्या वेळी त्याच पुन्हा वाट अडवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामासिक अंतर आणि रस्त्याची रुंदी हे नियम उजेड, हवा आणि अग्निशमन बंब यांसाठी आहेत, त्यांत सूट मागू नये. मीही ती मागत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत किती बांधता येईल हे भूखंडाच्या आकाराशी आणि रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे, ते बरोबरच आहे. एका खोलीच्या जागेत हे नियम पाळणे अशक्य. दहा खोल्या जोडल्या तर शक्य. म्हणजे सुरक्षिततेचा आग्रह धरणाऱ्यानेच एकत्रीकरण सुलभ व्हावे म्हणून भांडले पाहिजे. त्यासाठी बराकनिहाय मोजणी शासनाने स्वतः करावी, अंगणाच्या पट्ट्यांचा हक्क एकदाचा ठरवावा आणि अख्ख्या बराकीची एकच मिळकत पत्रिका करून तीत प्रत्येक सनदधारकाचा हिस्सा नोंदवावा. मालकाला एकेका खोलीचे कागद घेऊन सनदांचे काम पाहणारे प्रशासक कार्यालय, भूमिअभिलेख आणि महापालिका अशा तीन दारांत उभे करणे थांबले पाहिजे. तुकडे शासनाने पाडले होते. ते जोडण्याचा खर्च आणि खटाटोप एकट्या रहिवाशाच्या माथी मारणे न्याय्य नाही.